पहारेकरी आणि लाल त्रिकोण

देव आजही मनुष्यास इशारा देतो काय, आणि देत असल्यास तो ओळखावा कसा, हा प्रश्न खेड्यातील ख्रिस्ती मनुष्यास वारंवार पडतो. कारण त्याच्या भोवती इशाऱ्यांचा बाजार भरलेला असतो. रात्री टिटवी ओरडली, वाटेत मांजर आडवे गेले, बोलता बोलता पाल चुकचुकली, की शेजारीपाजारी उचललेले पाऊल मागे घेतात. आपण ख्रिस्ताचे झालो तेव्हा हे सर्व सोडिले. परंतु पुष्कळांनी त्याबरोबर सावध राहण्याची सवयही सोडिली, आणि काहींनी जुना शकुन तसाच ठेवून त्यास ‘देवाची सूचना’ असे नाव मात्र दिले.

शास्त्र वाचणाऱ्यास ह्यांतील भेद दिसून येईल. अपशकुन मनुष्यास भिववितो, पण काय करावे हे सांगत नाही. फार तर घरी बसावयास सांगतो. देवाचा इशारा करावयाचे काम दाखवितो, आणि ते काम बहुधा दुसऱ्या कोणाच्या जिवासंबंधाचे असते. नोहाने तारू बांधिले ते आपल्या घराण्याच्या तारणासाठी. निनवेस चाळीस दिवसांची मुदत मिळाली, तेव्हा तेथील राजा गोणपाट नेसला खरा, पण प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा असा हुकूमही त्याने काढिला. शिवाय इशारा आणणारा दर वेळी संदेष्टाच असतो असे नाही. पिलातास त्याच्या बायकोने निरोप धाडिला. बलामास तर गाढवीने अडविले. शहाणपणाची सूचना बायकोकडून आली असता ती ऐकून घेणारे पुरुष आपल्या मंडळ्यांत किती असतील, हे ज्याचे त्याने मोजावे.

आता आपल्या जवळची गोष्ट पाहू. वडनेर हे वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात, नागपुराहून हैद्राबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. भोवती कपाशीचा मुलूख. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, आणि शेकडो लोकांस इस्पितळात न्यावे लागले. त्या वर्षी बोंडअळीचा जोर होता. कपाशी उंच वाढली होती. निरनिराळी औषधे एकत्र कालवून मारण्यात आली. आणि तोंडास फडके व हातांस मोजे हे पुष्कळांपाशी नव्हते.

हे लोक आपल्या पापामुळे मेले काय? शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक दोषी होती असे समजू नका, असे आपल्या प्रभूने स्पष्ट बजाविले, आणि लागलीच ऐकणाऱ्यांस पश्चात्ताप करण्यास सांगितले. म्हणून मेलेल्यांचा न्याय करणे आपले काम नव्हे. परंतु जे वाचले त्यांस त्या बुरुजाकडे पाठ फिरविता येत नाही.

औषधाच्या प्रत्येक डब्यावर कायद्याने रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल रंग सर्वांत जहाल विषाचा, त्यावर कवटी व हाडे. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे पुष्कळांस वाटते. तेही विषच, केवळ सौम्य. इशारा ह्याहून स्पष्ट तो काय असावा? पण तो पाहतो कोण? डबा दुकानातून धनी आणितो, ड्रमात औषध ओतितो, आणि मजुराच्या पाठीवर भरलेला पंप देतो. ज्याच्या अंगावर ते विष उडणार त्याने तो त्रिकोण पाहिलेलाच नसतो, आणि पाहिला तरी बारीक अक्षर त्यास वाचता येतेच असे नाही.

येथे यहेज्केलाच्या पहारेकऱ्याची आठवण होते. तरवार येताना पाहूनही त्याने कर्णा वाजविला नाही, तर मरणाऱ्याच्या रक्ताचा जाब देव त्याच्यापाशी मागतो. हा न्याय प्रथमदर्शनी कठोर वाटतो, कारण तरवार पहारेकऱ्याने उगारलेली नसते. पण गाव निजले ते त्याच्या भरवशावर. तसाच मजूर धन्याच्या भरवशावर पंप उचलितो. दुकानदाराने सांगावयास हवे होते, सरकारने पाहावयास हवे होते, हे म्हणणे खोटे नाही. परंतु त्याने धन्याचा जाब चुकत नाही.

फेलिक्स पौलाचे भाषण ऐकून भ्याला, आणि सोयीची वेळ मिळाल्यावर बोलावीन असे त्याने सांगितले. त्यानंतर त्याने पौलास पुष्कळदा बोलाविले, पण मनात पैशाची आशा होती. आपल्या शेतांतही सोयीची वेळ अशीच पैशापाशी अडते. भर वाऱ्यात फवारू नये हे सर्वांस ठाऊक आहे. पण वारा सुटल्यावर काम थांबले, तर त्या दिवसाची मजुरी कोणाची बुडावी? मजुराची बुडणार असेल तर तो वाऱ्यातही पंप चालवील, आणि धनी म्हणेल की मी त्यास भाग पाडिले नव्हते. ती मजुरी धन्याने भरावी असे मला वाटते. मंडळीत ज्याच्यापाशी चार एकर वावर आहे त्याच्याशी उपदेशकाने ह्याविषयी बोलावे. आणि ते रविवारच्या उपासनेत न बोलता, सोमवारी सकाळी, पंप भरण्यापूर्वी, वावराच्या धुऱ्यावर उभे राहून, डबा हातात घेऊन बोलावे.