मार्गदर्शकाची उमेदवारी

पीएच.डी. करणाऱ्याला आपल्याकडे बरेच काही शिकवले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमावलीप्रमाणे त्याला किमान 12 श्रेयांकांचा कोर्सवर्क पुरा करावा लागतो. संशोधन-नीतीचे धडे घ्यावे लागतात, आपला विषय शिकवायचा कसा याचेही प्रशिक्षण घ्यावे लागते. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते ती वेगळीच. त्याच्या गाईडकडून मात्र ही नियमावली दोनच गोष्टी मागते: स्वतःची पीएच.डी., आणि प्राध्यापक वा सहयोगी प्राध्यापक असल्यास पाच, सहायक प्राध्यापक असल्यास तीन शोधनिबंध. तेवढ्या शिदोरीवर पदानुसार आठ, सहा किंवा चार विद्यार्थी त्याच्या हाती सोपवता येतात. ज्याला संशोधन जमले त्याला ते करवून घेणेही जमणारच, असे यात गृहीत धरले आहे.

प्रत्यक्षात बहुतेक जण आपल्याला जसे मार्गदर्शन मिळाले तसेच पुढे देतात, किंवा त्याचा राग मनात धरून नेमके उलटे करतात. दोन्हींत विचार थोडा आणि सवय जास्त.

ही सवय किती दूर पोचते, ते समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या उदाहरणात दिसते. त्यांनी 1944 साली मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली कूर्गमधल्या कोडवांवर प्रबंध सादर केला. पुढे ते ऑक्सफर्डला गेले. तिथे मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी त्यांना तीच सामग्री नव्याने वाचायला लावली: या समाजाचे विधी त्याच्या रचनेत कोणते काम करतात? त्या वाचनातून 1952 साली आलेला कूर्गांच्या धर्म आणि समाजावरचा ग्रंथ भारतीय समाजशास्त्रात पायाभूत ठरला. घुर्ये काही लहान विद्वान नव्हते. मुंबईत या विषयाच्या पिढ्या त्यांनी घडवल्या. फक्त तपशील गोळा करण्याची त्यांची शिस्त वेगळी होती आणि रॅडक्लिफ-ब्राऊनांची प्रश्न विचारण्याची रीत वेगळी. दोघांनीही स्वतःजवळ होते तेच दिले.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा अनुभव याहून बोचरा आहे. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेत मुरलेले. कवट्यांच्या दोन बाजूंच्या असमानतेत वंशभेद सापडेल ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली, तसा भेद आढळला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. पण ज्याची सही मिळाल्याशिवाय पदवी नाही, त्याच्या मताविरुद्धचा निष्कर्ष लिहिण्याची छाती किती जणांची असते? मार्गदर्शकाला शिकवायला हवे ते सगळ्यात आधी हेच: आपल्या हातात किती सत्ता आहे, आणि समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला पटलेच असे नाही.

गुरू काय कार्यशाळेत तयार होतात का, असा टोमणा यावर ठरलेला आहे. तो अगदीच खोटा नाही. दोन दिवसांची भाषणे, मधे चहा, शेवटी प्रमाणपत्र आणि पदोन्नतीच्या फायलीत एक कागद, एवढेच प्रशिक्षण असेल तर ते नसलेले बरे. पण दुसरी रीतही आहे. विभागातल्या चार मार्गदर्शकांनी एकाच प्रकरणाचा कच्चा खर्डा वाचावा, समासात आपापले शेरे मारावेत आणि मग ते शेजारी ठेवून पाहावेत. एकाने नुसत्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढलेल्या असतात. दुसऱ्याने जागोजागी ‘संदर्भ?’ एवढेच लिहिलेले असते. तिसऱ्याने परिच्छेदच्या परिच्छेद स्वतःच्या भाषेत लिहून टाकलेले असतात. मुद्दा कुठे अडला आहे, हे विद्यार्थ्याला सांगणारा एखादाच निघतो. आपली सवय अशी दुसऱ्याच्या शेऱ्याशेजारी ठेवल्यावरच दिसते. एकट्याला ती दिसत नाही.

स्वीडनमध्ये प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला किमान दोन मार्गदर्शक असतात, आणि त्याने मागणी केली तर मार्गदर्शक बदलून द्यावा लागतो, असा नियमच आहे. एकाच माणसाच्या स्वभावावर कोणाची उमेदीची वर्षे टांगू नयेत, एवढे शहाणपण त्यात आहे.

आपल्या नियमावलीत पुढची दुरुस्ती होईल तेव्हा शोधनिबंधांच्या आकड्याखाली आणखी एक अट घालावी: पहिला विद्यार्थी घेण्याआधी मार्गदर्शकाने एक वर्ष दुसऱ्या मार्गदर्शकाबरोबर बसून खर्डे वाचावेत. शिकणाऱ्याला 12 श्रेयांकांची सक्ती करणाऱ्या व्यवस्थेला शिकवणाऱ्याकडून एवढे मागण्याचा पुरेपूर अधिकार आहे.