स्वप्नांतलीं माणसें

जें मुळांत नाहींच त्याचा अपराध करतां येतो काय ? हा प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गांत विचारला तर कोणीही चुणचुणीत विद्यार्थी एका वाक्यांत त्याचा निकाल लावील. अपराधाला जसा करणारा लागतो तसा सोसणाराही लागतो. सोसणारा नसेल तर अपराधही नाहीं. आम्ही स्वतः वर्षानुवर्षें असाच निकाल लावीत आलों. परंतु गेल्या उन्हाळ्यांत मुलांच्या एका खेळण्यानें आम्हांला त्याची फेरतपासणी करावयास लाविलें. खेळणें म्हणजे हातांत मावणारें व्हिडिओ गेमचें यंत्र. ज्या पृष्ठांवर काव्यनाटकांची चर्चा चालते तेथें हा विषय आणल्याबद्दल कांहीं वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणतों. त्यांस एवढेंच विनवितों कीं, कादंबरीसुद्धां एके काळीं आपल्याकडे वडीलधाऱ्यांपासून लपवूनच वाचावी लागत असे.

जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें १९८९ सालीं ‘गेम बॉय’ नांवाचें यंत्र विक्रीस काढलें. चार पेन्सिल सेलांवर चालणारें, हिरवट पडद्याचें, रुंदीला १६० व उंचीला १४४ ठिपक्यांत सगळें जग बसविणारें तें यंत्र. त्याच्यासाठीं १९९३ सालीं ‘द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग’ हा खेळ निघाला. दिग्दर्शन ताकाशी तेझुका यांचें. कथेचा मुख्य धागा योशिआकी कोइझुमी यांचा. ‘ट्विन पीक्स’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका आपल्या मनांत होती, लहानशा गांवांतलीं थोडीं विचित्र, थोडीं संशयास्पद माणसें आपल्याला हवीं होतीं, असें तेझुका यांनीं पुढें सांगितलें आहे.

कथा अशी. लिंक नांवाचा तरुण वादळांत सांपडून कोहोलिंट नांवाच्या बेटाच्या किनाऱ्यावर येऊन पडतो. मॅरिन नांवाची मुलगी त्याला पाहते आणि घरीं नेते. बेटावरील डोंगराच्या माथ्यावर एक प्रचंड अंडें आहे व त्याच्या आंत विंड फिश, म्हणजे आपण वायुमत्स्य म्हणूं, निजलेला आहे. आठ भुयारें पालथीं घालून आठ वाद्यें मिळवावयाचीं, तीं अंड्यासमोर वाजवावयाचीं आणि मत्स्याला जागें करावयाचें. त्यावांचून बेटावरून सुटका नाहीं. येथपर्यंत आपल्या आजीबाईंच्या गोष्टींहून निराळें कांहीं नाहीं. परंतु पांच भुयारें मागें पडल्यावर लिंक एका पुरातन देवळांत शिरतो आणि तेथील भिंतीवर कोरलेलें वाचतो. हें बेट, हें गांव, हीं माणसें, हे प्राणी, सर्व कांहीं त्या मत्स्याचें स्वप्न आहे. तो जागा झाला कीं यांतलें कांहींएक उरणार नाहीं. उरलेलीं वाद्यें त्यानंतरही मिळवावयाचींच असतात, आणि कथेची सारी गोम तेथें आहे.

वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, तोंपर्यंत या गांवाशीं आपला चांगला घरोबा झालेला असतो. एक गृहस्थ पहिल्याच भेटींत सांगून टाकतो कीं, पुढें आपण डोंगरांत वाट चुकणार आहों. आणि खरोखरच चुकतो. एक म्हातारा टेलिफोनवर वाचस्पति, पण समोर गेलें तर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं. गांवचीं पोरें यंत्राचा उपयोग कसा करावा हें लिंकला समजावून देतात, आणि लगेच म्हणतात कीं, याचा अर्थ आम्हांला विचारूं नका, आम्ही तर लहान मुलें. मॅरिन त्याच्याबरोबर समुद्रकांठीं बसते व बोलतां बोलतां सांगते कीं, आपण समुद्रपक्षी असतों तर दूरदूर उडून गेलों असतों. स्वप्नाला स्वप्नांतून बाहेर जाण्याची इच्छा व्हावी, हें आम्हांला फार विलक्षण वाटलें.

१९९५ सालीं आमचे मेहुणे मस्कतला नोकरीस होते. त्यांनीं हें यंत्र व ही कॅसेट आपल्या मुलासाठीं आणली. भाचा तेव्हां अकरा वर्षांचा. मे महिन्याच्या सुटींत त्यानें आठही वाद्यें मिळविलीं, अंड्यापर्यंत जाऊन पोहोंचला आणि तेथेंच थांबला. “मी नाही उठवणार त्याला,” एवढेंच तो म्हणाला. आम्ही नुकतेच कॉलेजांत शिकवूं लागलों होतों; ज्ञान ताजें होतें आणि तें वापरण्याची हौस त्याहून ताजी. आम्हीं त्याला सांगितलें, “अरे, ते सगळं खोटं आहे. कोणी मरत नाही.” त्यानें क्षणभर विचार केला व विचारलें, “मग मी जिंकलो, तर तेही खोटंच ना, मामा ?” आम्ही हंसलों. प्रोफेसरांच्या खोलींत हा किस्सा आम्हीं अनेकदां सांगितला, तो मुलाच्या भोळेपणाचा नमुना म्हणून. त्यानें कॅसेट टेबलाच्या खणांत ठेवून दिली ती ठेवून दिली.

आज तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. गेल्या उन्हाळ्यांत त्याचा दहा वर्षांचा मुलगा याच खेळाची २०१९ सालची नवी रंगीत आवृत्ति निन्टेन्डोच्याच ‘स्विच’ यंत्रावर खेळत होता. आम्हीं त्याचें शिष्यत्व पत्करलें आणि थरथरत्या अंगठ्यांनीं का होईना, शेवटपर्यंत गेलों. मग शिक्षकाच्या खोडीप्रमाणें या खेळाचीं परीक्षणें हुडकून वाचलीं. चित्रें कशीं, संगीत कसें, बटणें बोटांना सोयीचीं आहेत कीं नाहींत, किती तासांत खेळ संपतो, दिलेल्या किंमतीचें चीज होतें किंवा नाहीं, असे त्यांचे ठराविक मथळे. जपानांत ‘फामित्सु’ हें या विषयावरील प्रसिद्ध नियतकालिक आहे. तेथें चार परीक्षक प्रत्येकीं दहापैकीं गुण देतात व चाळीसपैकीं बेरीज छापली जाते. आम्ही स्वतः उत्तरपत्रिकांवर गुण देण्यांत हयात घालविली असल्यामुळें गुणांची निंदा आमच्या तोंडीं शोभणार नाहीं. तथापि या परीक्षणांत एक गोष्ट सहसा सांपडत नाहीं : शेवटीं जें करावें लागतें तें करतांना परीक्षकाच्या हाताला काय झालें. कथेचा शेवट फोडूं नये हा या परीक्षकांचा शिष्टाचार आहे, आणि तो वाजवीही आहे. पण त्यामुळें जें सांगण्यासारखें आहे तेंच नेमकें दडून राहतें. मागाहून लिहिलेल्या कांहीं लेखांत ही उणीव भरून निघाली आहे. आम्हीं तर येथें शेवट सरळ सांगून टाकला. खेळाला तीस वर्षें उलटून गेलीं आहेत, वाचकांनीं क्षमा करावी.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रानें या प्रश्नाची एक सोय करून ठेविली आहे. नाट्यगृहांतील सहृदय सीतेच्या शोकानें व्याकुळ होतो, पण उठून रंगभूमीवर धांवत नाहीं. भट्टनायकानें ज्याला साधारणीकरण म्हटलें त्या व्यापारामुळें तो शोक अमुक एकीचा राहत नाहीं, आणि म्हणून त्याच्या निवारणाची जबाबदारीही प्रेक्षकावर येत नाहीं. कर्तव्यापासून मिळालेली ही रजाच रसास्वाद शक्य करते. ज्याला ही रजा घेतां येत नाहीं त्याची गत डॉन किहोटेसारखी होते. सर्व्हान्टीसच्या ग्रंथाच्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागांत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहतां पाहतां हा वीर तलवार उपसून पळणाऱ्या बाहुल्यांच्या मदतीस धांवतो व पाठलाग करणाऱ्या बाहुल्यांचीं मुंडकीं उडवितो. मग शुद्धीवर आल्यावर बाहुल्यांची किंमत मुकाट्यानें भरून देतो. आपण हंसतों, कारण आपण जागेवरून उठलों नसतों याची आपल्याला खात्री असते.

परंतु या हातांतल्या खेळांत ती रजाच मिळत नाहीं. ‘मृच्छकटिकां’त शकार वसंतसेनेचा गळा दाबतो तेव्हां आपण खुर्चीला खिळलेले असतों, आणि खिळलेले असल्यामुळें निर्दोषही असतों. येथें कर्ता सगळी सिद्धता करून देतो आणि अखेरचें कृत्य तेवढें आपल्या अंगठ्यावर सोंपवितो. आपण बटण न दाबलें तर कथा जागच्या जागीं उभी राहते. प्रेक्षकाला हाताला धरून रंगभूमीवर नेणारी ही कला आहे. आणि तिला नाटकाचे नियम लावून “हें सर्व काल्पनिक” म्हणून मोकळें होणें म्हणजे नेमका तिचा विशेषच नाकारणें होय.

भाच्याच्या प्रश्नाची किंमत आम्हांला तीस वर्षांनीं कळली. आम्ही त्याला दोन गोष्टी एकाच वेळीं मानावयास सांगत होतों : बेटावरचीं माणसें खोटीं, आणि खेळ पुरा केल्याचा विजय मात्र खरा. वेदान्ताच्या परिभाषेंत बोलायचें तर दोरीवरील साप प्रातिभासिक असेल तर तो साप मारल्याचा पराक्रमही प्रातिभासिकच. साप मिथ्या आणि पराक्रम व्यावहारिक, अशी सोयीची वांटणी करतां येत नाहीं. जो कोणी “मीं हा खेळ पुरा केला” म्हणून मान ताठ करतो त्यानें त्या बेटाला तेवढी सत्ता आधींच दिलेली असते. मग तिच्यांतून माणसें वगळण्याचा त्याला अधिकार राहत नाहीं. लोकप्रसिद्ध कथेंत हरिश्चंद्रानें स्वप्नांत विश्वामित्राला राज्य दिलें व जागा झाल्यावर तें खरोखर सोडलें. देणारा स्वप्नांतला, घेणारा स्वप्नांतला, राज्यही स्वप्नांतलें, असें म्हणून त्याला सहज सुटतां आलें असतें. पण राज्य खरें कीं खोटें हा त्याचा प्रश्नच नव्हता. वचन दिलें तें मीं कीं दुसऱ्या कोणीं, हा होता. हा अतिरेक झाला असें कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाहीं. स्वप्नांतील प्रत्येक कर्माचा असा हिशेब ठेवूं लागलों तर पुष्कळांना सकाळीं अंथरूण सोडण्याचा धीर व्हावयाचा नाहीं.

खेळाच्या कर्त्यांना ही गोष्ट ठाऊक होती असें दिसतें. गांवच्या दुकानांत धनुष्याची किंमत ९८० रुपी आहे. (रुपी हें तेथील रत्नाचें नाणें, आमच्या रुपयाशीं त्याची सोयरीक नाहीं.) दुकानदाराची नजर चुकवून धनुष्य घेऊन पळतां येतें. मात्र पळाल्यावर गांवांतील माणसें तुम्हांला तुमच्या नांवानें हांक मारीत नाहींत, ‘चोर’ म्हणतात. आणि पुन्हा त्या दुकानांत पाऊल टाकलें कीं दुकानदार तुमचा जीवच घेतो. परीक्षकाचें कर्तव्य आहे असें स्वतःस बजावून आम्हीं ती चोरी केली. शेजारीं बसलेला नातू आमच्याकडे पाहतच राहिला. “आजोबा, तुम्ही खरंच घेतलंत ?” या ‘खरंच’ला काय उत्तर द्यावें हें आम्हांला त्या वेळीं सुचलें नाहीं. असे खेळ खेळून मुलें पुढें चोर निघतात, असा निष्कर्ष कोणी यावरून काढूं नये. तो आम्हांला मान्य नाहीं. कांटनें आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत म्हटलें आहे कीं, जनावराशीं क्रूरपणें वागणारा माणूस माणसांशींही कठोर होत जातो, म्हणून जनावरांशीं दयेनें वागावें. या युक्तिवादांत दया उद्यांच्या हिशेबावर उभी असते. त्या मुलाच्या डोळ्यांत उद्यांचा कसलाच हिशेब नव्हता. आजोबांनीं आतां काय केलें, एवढेंच तो पाहत होता.

मग अंड्यासमोर थांबलेला भाचा बरोबर होता काय ? येथें प्रकरण अवघड होतें. मत्स्य आपल्या इच्छेनें निजलेला नाहीं. बेटावर आपली सत्ता राहावी म्हणून भुयारांतील राक्षसांनीं त्याला निद्रेंत जखडून ठेविलें आहे. बेट वांचवावयाचें म्हणजे त्यांचा पक्ष घ्यावयाचा. एका जिवाच्या कायमच्या बेशुद्धीवर सगळ्या गांवाचा संसार चालू द्यावा काय, हा प्रश्न अकरा वर्षांच्या मुलानें सोडविला नाहीं. त्यानें तो खणांत ठेवला. आम्हीं तो सोडविला असेंही नव्हे. आम्हीं वाद्यें वाजविलीं. अंडें फुटलें, मग तें बेट, तें गांव, तीं माणसें पांढऱ्या प्रकाशांत विरत गेलीं, आणि लिंक भर समुद्रांत एका फळीला धरून जागा झाला. वर आकाशांतून मत्स्य उडत गेला. जो एकदांही न मरतां येथवर येतो त्याला अखेरीस आकाशांत मॅरिनचें दर्शन घडतें. आम्ही दुकानांत परत गेलों होतों, आणि त्यानंतरही अनेकदां मेलों होतों. आम्हांला कोणी दिसलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं भाच्याकडे जुन्या कॅसेटची चौकशी केली. ती सांपडली, यंत्रही सांपडलें, आणि नवे सेल घातल्यावर चालूं झालें. त्या काळच्या कॅसेटींत खेळ जेथें सोडला तेथली नोंद एका चपट्या बटण-सेलावर जपून ठेवलेली असे. सेल संपला कीं नोंद पुसली जाते. खेळ सुरू झाला. खेळणाऱ्याच्या नांवासाठीं तीन जागा असतात. तिन्ही रिकाम्या होत्या. भाच्यानें एकदां बंद करून पुन्हा चालूं करून पाहिलें. मग पडद्यावरून नजर न काढतां त्यानें विचारलें, “मामा, तुम्ही उठवलंत त्याला ?”

आम्हीं होय म्हणून सांगितलें. त्यानें सेल काढून घेतले आणि यंत्र कॅसेटसह पुन्हा खणांत ठेवून दिलें.