मला अजून येत नाही



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३४ आणि ३५.

अर्जुन म्हणतो, हे मन वाऱ्यासारखं आहे, मला ते आवरत नाही. त्यावर भगवंत आधी त्याचं म्हणणं मान्य करतात. हो, मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे. मग उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यास कळतो हो. पण वैराग्य कशाला जोडीला? मला याचं उत्तर आळंदीच्या एका पार्किंगमध्ये, आडव्या पडलेल्या बाईकशेजारी उभं राहून मिळालं.

मागच्या वर्षी मी सुपर मिटिऑर ६५० घेतली. वजन २४१ किलो. त्याआधी रोजची सवय गिअर नसलेल्या स्कूटरची. लायसन्स होतं, पण ते मित्राच्या छोट्या बाईकवर काढलेलं. सरळ रस्त्यावर मोठी बाईक फार गोड वागते. वेग आला की वजन जाणवतच नाही. खरी परीक्षा असते ती चालण्याच्या वेगाला : सिग्नल, यू-टर्न, पार्किंग. तिथे मी डगमगत होतो. पण हे कुणाला सांगितलं नाही. ऑफिसमध्ये सगळे फोटो बघून 'भारी!' म्हणत होते ना!

ताईला माउलींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं. निघताना तिने विचारलं, "नीट येते ना रे तुला?" मी म्हणालो, "अगं, बस तू."

पुण्यातून आळंदीपर्यंत सगळं छान. पार्किंगमध्ये हळू वळताना समोरून रिक्षा आली. हँडल उजवीकडे वळलेलं, आणि मी घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबला. तसं केलं की सगळा भार वळलेल्या बाजूला जातो. पाय टेकवून मी तो थोपवू शकलो नाही. चार लोकांनी बाईक उचलली. ताईचा घोटा फ्रॅक्चर झाला होता.

ती माझ्यावर ओरडली नाही. रात्री प्लास्टर घालून घरी आलो तेव्हा एवढंच म्हणाली, "येत नव्हतं तर सांगायचंस ना. बसने गेलो असतो."

मंडळी, हे वाक्य मला अजून बोचतं. कारण ताईला पाडलं ते बाईकच्या वजनाने नाही, माझ्या 'मला येतं'ने.

आता अर्जुनाकडे बघा. एवढा मोठा धनुर्धर, आणि भगवंतांसमोर सरळ सांगतो की मला जमत नाही. तो खोटा आव आणत नाही, म्हणून पुढचा उपदेश त्याला मिळतो. मी ताईसमोर तेवढंही बोलू शकलो नव्हतो.

मग सोसायटीतल्या एका काकांकडे गेलो. ते कित्येक वर्षं मोठ्या बाईक चालवतात. पहिल्या रविवारी त्यांनी इंजिन चालूच करू दिलं नाही. मैदानावर बंद बाईक ढकलत न्यायची, वजन ओळखायचं. मग हाफ क्लचवर, मागचा ब्रेक हलका धरून, चालण्याच्या वेगाने जायचं. आठचा आकडा काढायचा. नजर पुढच्या चाकावर नाही, जिथे जायचंय तिथे. थांबताना हँडल सरळ. शेवटी पडलेली बाईक उचलायची : इंजिन बंद, गिअरमध्ये, पाठ सीटला लावून, जोर कमरेचा नाही, पायांचा.

मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं हसायची. "दादा, सायकल घ्या!" पहिल्या दिवशी वाटलं, घरी जावं. आणि तिथेच श्लोक उलगडला. अभ्यास करायचा तर लोकांदेखत कच्चं दिसावं लागतं. त्यांना मी कसा दिसतो याची ओढ सुटल्याशिवाय दुसरा आठ काढताच येत नाही. माझ्यापुरतं तेच वैराग्य. त्याच्याशिवाय अभ्यास सुरूच होत नाही, म्हणून भगवंत दोन्ही एकत्र सांगतात.

नामस्मरणाचंही तसंच आहे. दहा मिनिटं माळ घेऊन बसतो, मन नऊ मिनिटं मोबाईलकडे धावतं. पण ग्रुपवर मात्र 'आजचा जप पूर्ण' लिहितो. मन पळालं हे कबूल केलं, तरच त्याला परत आणता येईल ना?

ताईचा घोटा आता बरा आहे. ती अजून माझ्या मागे बसलेली नाही. गेल्या रविवारी थर्मास घेऊन मैदानावर आली, कट्ट्यावर बसून माझे आठ बघितले, चहा दिला आणि रिक्षाने घरी गेली. 'बसतेस का?' हे अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. ते तिने ठरवायचं. मी आठ काढत राहायचं.

आजचा अभ्यास : जे येत नाही पण येतं असं दाखवताय, अशी एक गोष्ट आज एका माणसाला खरी सांगा. मग पाच मिनिटं नाम घ्या.

माउली, पडण्याआधी कबूल करायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.