वारसाहक्काने आलेले कर्ज

टीबीवर औषध नव्हते त्या काळी डॉक्टर रुग्णाच्या बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरत. हवेच्या दाबाने फुप्फुस मिटे, त्याला विश्रांती मिळे, रोगाने पाडलेली पोकळी बुजे. हवा जिरली की पुन्हा भरायची, असे काही वर्षे चाले. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांचा हा उपचार जपानपर्यंत पोहोचला. पुष्कळ माणसे जगली.

त्यांतल्या काहींच्या छातीत मात्र पू साचून राहिला. पुढे तीस-चाळीस वर्षांनी छाती किंवा पाठ दुखू लागली, ताप येऊ लागला, कुणाच्या बरगड्यांवर गाठ आली. तपासले तर लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर. हा संबंध जपानी डॉक्टरांनी १९८७ साली मांडला. वर्षानुवर्षे धुमसणारा दाह आणि एपस्टाइन-बार विषाणू यांचा त्यात हात असल्याचे नंतर दिसून आले. (आजच्या टीबीच्या गोळ्यांनी हे होत नाही; कोणी घाबरून डोस सोडू नये.)

मग दोषी कोण? सुई धरणाऱ्याची नियत साफ होती. हा विषाणूच मुळी १९६४ साली सापडला. जे कुणालाच ठाऊक नव्हते त्याचा गुन्हा त्या डॉक्टरच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. पण ‘चाळीस वर्षे मिळाली ना, मग तक्रार कसली?’ हा सवालही आम्हाला तितकाच खटकतो. असा सौदा रुग्णाने केलाच नव्हता. जीव वाचवला म्हणून त्याच्या कण्हण्यावर कुणाची मालकी होत नाही.

नियत साफ असली तरी हिशेब पुरा होत नाही, असे आम्हाला वाटते. ठाऊक नव्हते तोवर जबाबदारी नव्हती. कळले त्या दिवसापासून ती सुरू झाली. सुई टोचणारा तोवर कबरीत गेला असेल. आपल्यात मयताची वाटणी करण्याआधी त्याचे कर्ज फेडतात. हेही तसेच कर्ज, आज त्या खुर्चीवर बसलेल्याकडे आलेले. समोरच्या म्हाताऱ्याला ‘तरुणपणी छातीत हवा भरली होती का?’ एवढे विचारायला दोन मिनिटे लागतात.

आणि उत्तर देणाऱ्याचे काय? आपल्या घरांतून टीबी अजून लपवला जातो, मुलीचे लग्न अडेल म्हणून. बापाच्या छातीचा जुना इतिहास मुलालाच माहीत नसेल, तर डॉक्टरने कितीही विचारले तरी तो सांगणार, ‘अब्बांना कधी काहीच नव्हते.’