पहिल्या धारेचा प्रश्न

तत्त्वज्ञान हा विषय आम्हांला बी.कॉम.ला नव्हता. होतं ते हिशेबशास्त्र, आणि त्यात शिकण्यासारखं तत्त्व एकच: प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात आणि दोन्हीकडची बेरीज सारखी आली पाहिजे. नाही आली तर घरी जायचं नाही. या एका तत्त्वावर मी बँकेत बावीस वर्षं काढली, संसार केला, दोन मुलं वाढवली. पाप-पुण्याचंही असंच असणार असं मी धरून चाललो होतो. एखादी गोष्ट वाईट म्हणजे ती सगळ्यांच्याच खात्यात वाईट. त्यात सेव्हिंग्ज आणि करंट असा भेद नाही. पण बँकेने मला आधी मुरबाडला आणि मग शहापूरला टाकलं, आणि तिथे एका झाडाने माझा हा ताळेबंद जो बिघडवला तो अजून जुळायचा आहे.

झाड मोहाचं. मोह म्हटल्यावर तुम्हांला षड्रिपूंतला चौथा आठवला असेल. त्या यादीत मोहाच्या लगेच मागे मद येतो, तेव्हा यादी करणारे ऋषी आमच्या शहापूर तालुक्यातलेच असावेत असा मला संशय आहे.

मार्च-एप्रिलात या झाडाला फुलं येतात. रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. मळकट पिवळी, गुबगुबीत, गोड. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायामाणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. वाळवली की फुलं मनुकांसारखी दिसतात आणि वर्षभर टिकतात. शिजवून खातात, भाजून खातात, भाकरीबरोबर खातात; धान्य संपलं की नुसती खातात. बियांचं तेल निघतं. आणि हो, दारूही निघते. वाळकी फुलं पाण्यात भिजत घालायची, आंबली की हंडीत चढवायची, वाफ नळीतून थंड करायची. पहिली पडते ती पहिल्या धारेची. आपण शहरातले लोक नाटकाला, गाण्याला, लोणच्याला ‘पहिल्या धारेचं’ म्हणतो ना, ते विशेषण या हंडीतून उचललेलं. विशेषण तेवढं घरात घेतलं, विशेष्य दाराबाहेर ठेवलं.

या फुलाने इंग्रजालाही त्रास दिला. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला, आणि १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा. दारूचा नव्हे, फुलाचा! ते गोळा करणं, बाळगणं, इकडून तिकडे नेणं यांवर बंधनं. इंग्रजाला मद्याचा तिटकारा होता असं कोणी म्हणणार नाही. घरी गाळलेल्या दारूवर कर बसत नाही, एवढाच त्याचा नैतिक आक्षेप. पण त्यापायी माणसाच्या ताटातलं फूल गुन्ह्यात गेलं. कर चुकू नये म्हणून जेवणच जप्त करावं, ही कल्पना आमच्या वसुली विभागालासुद्धा सुचलेली नाही.

इंग्रज गेला. १९४९ साली आपला दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे, नावातली दारूबंदीही तशीच आहे, आणि त्याच्याच आधाराने आपण दारू पितो. म्हणजे परवाना काढायचा. परवान्यात पिण्याचं कारण ‘प्रकृतिस्वास्थ्य टिकवणे’ असं मानलेलं आहे. आमच्या साहेबांनी हजार रुपये भरून तहहयात परवाना घेतलाय. प्रकृतीची इतकी दूरदृष्टीने काळजी घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. परवाना प्यायला मिळतो. घरच्या हंडीत गाळायला मात्र मिळत नाही.

साहेबांचे चिरंजीव बोटीवर असतात. मागच्या सुट्टीत त्यांनी क्रोएशियाहून तांबडी वाइन आणली आणि साहेबांनी निवडक आठ जणांना घरी बोलावलं. मी कोकम सरबतवाला, पण ऐकायला कोणीतरी लागतंच.

“ही प्लावाच माली,” चिरंजीव म्हणाले. मला वाटलं, माळी आडनावाचे कोणी गृहस्थ आलेत. पण ते द्राक्षाचं नाव. डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर, समुद्रात उतरणाऱ्या खडकाळ डोंगरउतारावर वाढणारं, तिथलंच मूळचं.

“फार महाग असेल?” मी आपलं बँकेच्या सवयीने विचारलं.

“छे हो काका! तिथे रोजची आहे ही. शेतकरी घरी करतात, जेवताना पाणी घालून घेतात. बेव्हांडा म्हणतात त्याला.”

“वा! म्हणजे अगदी मातीतली,” साहेब पेला उजेडाकडे धरून म्हणाले. “स्थानिक, घरगुती आणि स्वस्त. यालाच संस्कृती म्हणतात.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण त्यात चूक काहीच नव्हतं. क्रोएशियातल्या शेतकऱ्याने आपल्या उतारावरच्या फळाचा रस आंबवून जेवताना घ्यावा यात मला आजही काही वावगं दिसत नाही. फक्त त्या खोलीत परवाना एकाचाच होता, आणि कायद्याने निर्धास्त असे दोघेच, एक साहेब आणि दुसरा मी कोकमवाला.

ही झाली शनिवारची गोष्ट. सोमवारी काउंटरवर मुरबाडकडच्या एका पाड्यावरचा पोरगा उभा. खात्यात चार हजार सहाशे होते, त्याला साडेचार काढायचे होते.

“एवढे एकदम? काय काढलंस रे?”

“वकिलाला द्याचे हायत साहेब.” (कारकुनाला साहेब म्हणणारी माणसं आता या दोन तालुक्यांतच उरली आहेत.) “बहिणीच्या लग्नाला पाच लिटरचा कॅन नेत होतो. धरला वाटेत.”

“कशाला न्यायचा मग?”

“देवाला धार सोडावी लागती ना. रिकाम्या हाताने देव कसा येल?”

मी पैसे मोजून दिले. स्थानिक, घरगुती, स्वस्त. तीन शब्द तेच. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. फरक शोधायचा तर बाटलीला बूच होतं आणि कॅनवर खाद्यतेलाचं नाव.

हा विचार मी शिपायाला जरा मोठ्याने ऐकवत होतो. बाजूला फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. “बाटलीतली काय नि कॅनातली काय, साहेब,” त्या म्हणाल्या, “प्यालेला घरी आला की हात तोच उठतो.” आणि पुसायला लागल्या.

त्यांच्यासमोर मोहाची वकिली करायची माझी छाती झाली नाही. झाड सोज्वळ असलं तरी धंदा सोज्वळ नसतो. विकणारे हंडीत नवसागर टाकतात ते काही देवासाठी नाही. मालाडच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली, त्यात तर मोहाचं फूलही नव्हतं, होतं ते मिथिल अल्कोहोल. मावशी साहेबांच्या बाटलीलाही तोच न्याय लावतात. त्यांचा हिशेब जुळतो. न जुळणारा हिशेब आम्हां बाकीच्यांचा, जे पेला बघून नीती ठरवतो.

गोव्याने हा घोटाळा आपल्यापुरता निस्तरला. तिथल्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली ती वारसा-पेय झाली. आपल्याकडेही हालचाल झाली. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की काजू, मोह यांच्यापासून केलेल्या मद्याला ‘देशी’ म्हणायचं नाही, ‘विदेशी’ म्हणायचं. म्हणजे मान मिळेल आणि खप वाढेल. झाड ठाकूरवाडीच्या मागचं, फूल तिथल्या आजीने वेचलेलं, दारू मात्र विदेशी! त्या पोराला हे सांगावं असं मनात होतं. पण त्याच्या कॅनातली ना देशी ना विदेशी, ती नुसतीच मुद्देमाल. त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. बहीण मात्र नांदायला गेली.

परवा एका पाड्यावरच्या बायकांचा बचत गट कर्ज मागायला आला. मोहाच्या फुलांचे लाडू करून विकणार म्हणतात. नमुन्याला डबा आणला होता. साहेबांनी एक लाडू उचलला, नाकाशी नेला आणि अध्यक्षबाईंना हळूच विचारलं, “बाई, यानं काही होत नाही ना?”

“होतं ना साहेब,” बाई म्हणाल्या, “पोट भरतं.”

साहेबांनी तीन खाल्ले आणि शिफारस लिहिली. अर्ज सध्या वरच्या ऑफिसात आहे. काल तिथून फोन आला होता: लाडू देशी समजायचे की विदेशी?