श्यामची कबुली आणि आमचे निबंध

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना एक अडचण कायम असते. मुलांची घरची बोली दखनी, शाळेची भाषा उर्दू आणि बाजाराची, एस.टी. स्टँडची भाषा मराठी. मुले मराठी बोलतात, पण वाचायचे म्हटले की त्यांच्या जिवावर येते. म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास मी आठवीच्या वर्गाला 'श्यामची आई' वाचून दाखवण्यासाठी ठेवला. एका शनिवारी एक 'रात्र'. बेचाळीस रात्री एका वर्षात पुऱ्या होत नाहीत, निवडून वाचतो.

सुरुवातीलाच एका पालकाने विचारले, "सर, ये पूजा-पाठ की किताब अपने बच्चों को कायकू?" मी लगेच सांगितले की साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' नावाचे पुस्तक लिहिले आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषणाला बसलेला हा माणूस आहे. पालकाचे समाधान झाले, माझे झाले नाही. लेखकाने आपल्याविषयी चांगले लिहिले असेल तरच त्याचे पुस्तक आपल्या मुलांनी वाचावे, असे थोडेच आहे? हे उत्तर म्हणजे नुसता दाखला होता. खरे उत्तर पुढे वर्गातच मिळाले, आणि ते मला सुखाचे नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी 'माझी आई' हा निबंध लिहायला दिला. एका मुलीची वही सगळ्यांत उजवी होती. अम्मी फजरच्या वेळी उठवते, गरम भाकरी देते, केस विंचरून देते, संध्याकाळी अभ्यास घेते. शुद्धलेखन बिनचूक. मी दहापैकी नऊ गुण दिले, खाली 'उत्तम' असा शेरा मारला आणि निबंध वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला. "सर, इसकी अम्मी तो कारखाने पे गई है." दसऱ्यानंतर टोळी निघाली, तेव्हाच तिचे आईबाप कोल्हापूरकडच्या फडावर गेले होते. मुलगी नानीकडे राहत होती.

मी त्या मुलाला रागावलो. सुट्टीत मुलीला बाजूला बोलावून विचारले, "खोटं का लिहिलंस?" तिने मान खाली घातली नाही. तिला खरोखरच नवल वाटले होते. म्हणाली, "सर, निबंध में ऐसाच लिखते ना?"

त्या दिवसापासून मी विचार करतो आहे, की यात खोटे कोण बोलले?

सरळ उत्तर असे, की मुलगी खोटे बोलली. सच्चाई आपल्या दीनचा पाया आहे. परीक्षेच्या गुणांसाठी तिला सूट नाही. पण खोटे बोलणाऱ्याची नीयत फसवण्याची असावी लागते. हिला कोणाला फसवायचे होते? गाव जाणतो, वर्ग जाणतो की तिची आई कुठे आहे. फक्त मला ठाऊक नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

दुसरे उत्तर साहित्याचे. कोणी म्हणेल, ही कल्पना आहे. जी आई हवीशी वाटते ती मुलीने लिहिली. हे उत्तर मला आवडले असते. पण माणूस ओढीने कल्पना करतो आणि भीतीने खोटे बोलतो. या मुलीला भीती होती, की आपली खरी आई निबंधात बसत नाही. पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन फडात उतरणारी, मोळ्या डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेणारी, कोपीत चूल पेटवणारी बाई ही 'उत्तम' शेरा मिळवणारी आई नव्हे, हे तिला आठ वर्षांच्या शाळेने शिकवले होते. आईच्या कदमांखाली जन्नत आहे असे आपण जुम्म्याला ऐकतो आणि वर्गात सांगतो. पण ते कदम उसाच्या पाचटाने कापलेले असू शकतात, हे सांगत नाही. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या कितीतरी जणींची मुले आमच्यासारख्या शाळांतून 'माझी आई' लिहीत असतील.

तिसरे उत्तर उरते ते माझे. नमुन्याचे निबंध फळ्यावर लिहून देणारा मी. बी.एड.च्या पाठ-टाचणात 'मूल्य : मातृप्रेम, सत्यप्रियता' असे लिहून सही घेणारा मी. ज्या तासाला 'श्यामची आई' वाचून खरे बोलण्याचा उपदेश केला, त्याच आठवड्यात खोट्याला नऊ गुण दिले.

मग मी ते पुस्तक पुन्हा उघडले. नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्याचा बहुतेक भाग लिहिला गेला. १९५३ च्या अत्र्यांच्या चित्रपटामुळे आणि पाठ्यपुस्तकांतल्या निवडक उताऱ्यांमुळे ते आपल्याला आदर्श आईचे आणि गुणी मुलाचे पुस्तक वाटते. पण श्याम गुणी नाही. तो पोहायच्या भीतीने लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. मोठे होण्यासाठी पुस्तक हवे म्हणून तो चोरी करतो. त्याच्या घरावर कर्ज आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो आणि गावात दवंडी पिटली जाते. आमच्या मुलांना सावकार समजावून सांगावा लागला नाही. मुकादमाची उचल काय असते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. श्यामही शिक्षणासाठी आईपासून दूर असतो. ती जाते तेव्हा तो जवळ नसतो. तो भाग वाचला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. त्या पालकाचे उत्तर मला तिथे मिळाले. ते घर तुळशीचे असले, तरी तिथली टंचाई आणि ताटातूट आमच्या मुलांच्या ओळखीची होती.

हे पुस्तक म्हणजे एक इकरार आहे, कबुली आहे. आपण मात्र ते उपदेश म्हणून शिकवतो.

मग मुलांकडून कबुली मागावी का? मलाही आधी तसेच वाटले : आता सर्वांनी खरी आई लिहा, असे सांगावे. पण श्याम बोलला तो मोठेपणी, आश्रमातल्या मित्रांपुढे, आपल्या मर्जीने. त्याला गुण मिळवायचे नव्हते. तेरा वर्षांच्या मुलीला वर्गात घरची गरिबी उघडी करायला लावणे, ही सत्यप्रियता नाही, ती झडती आहे. आपल्याकडे तौबा बंदा आणि अल्लाह यांच्यामधली असते, आणि दुसऱ्याची पर्दापोशी ही नेकी मानली जाते. शिक्षकाला या दोन्हींचे भान हवे.

म्हणून मी एवढ्यावर आलो आहे : शिक्षकाने मुलावर सत्याची सक्ती करू नये, पण असत्याची गरज संपवावी. ज्या वर्गात खऱ्या आईची लाज वाटते, तिथे सत्यावरचे व्याख्यान व्यर्थ आहे. लाज काढणे हे माझे काम. पुढे सांगायचे की झाकायचे, तो मुलाचा हक्क.

सुरुवात मी स्वतःपासून केली. पुढच्या शनिवारी मुलांना सांगितले की सहावीत असताना 'माझे वडील' या निबंधात मी अब्बांना दुकानदार केले होते. ते हातगाडीवर केळी विकत. मलाही चांगले गुण मिळाले होते, आणि ती वही मी अब्बांना कधी दाखवली नव्हती. मुले हसली नाहीत. एकाने विचारले, "सर, मग नंतर सांगितलं का त्यांना?" मी म्हणालो, नाही. ते २०११ मध्ये गेले.

आता निबंधाला मी दोन-तीन विषय देतो, नमुना लिहून देत नाही, आणि विचारल्याशिवाय कोणाची वही वाचून दाखवत नाही. त्या मुलीचे नऊ गुण मी कमी केले नाहीत. चूक तिची नव्हती. तिने पुढच्या निबंधाला आईचा विषय घेतला नाही, नानीच्या शेळीवर लिहिले. शुद्धलेखनाच्या पाच चुका होत्या. शेळी मात्र खरी होती.

एप्रिलमध्ये पट्टा पडला आणि टोळ्या परतल्या. तिची आई शाळेत आली, दारातच उभी राहिली. "सर, बच्ची बराबर पढती ना?" मी त्यांना आत बोलावले आणि खुर्ची दिली. पालकांना बसवायचे असते, एवढी साधी गोष्टही मी उशिराच शिकलो.