पदमुक्तीचा अधिकार आणि ऐकून घेण्याचे कर्तव्य



राज्यकर्त्याने सल्लागार नेमावा आणि विश्वास उरला नाही तर त्याला दूर करावे, हा त्याचा अधिकार आहे. परंतु या अधिकाराला न्यायाची मर्यादा आहे की नाही?

आपल्या शहरालगतच्या दौलताबादेत १३४७ मध्ये बहमनी सल्तनत स्थापन झाली. पुढे तिच्या कारभाराची घडी बसविली ती वजीर महमूद गावान यांनी. बीदरचा प्रसिद्ध मदरसा त्यांचाच. त्यांनी चार मोठ्या सुभ्यांचे आठ सुभे केले आणि सुभेदारांच्या सत्तेला आवर घातला. दुखावलेल्या सरदारांनी त्यांच्या मोहोरदाराला फितवून कोऱ्या कागदावर मोहोर मिळविली व ओडिशाच्या राजाच्या नावे द्रोहाचे पत्र रचले. मोहोर माझी आहे, मजकूर माझा नाही, असे गावान यांनी सांगितले. सुलतान मुहम्मदशाह तिसरा याने शहानिशा न करताच १४८१ मध्ये त्यांचा वध करविला. सत्य कळले तेव्हा पश्चात्तापाखेरीज हाती काही उरले नव्हते. लवकरच सल्तनतही विस्कटली.

सुलतानाने प्रश्न विचारला होता, हे ध्यानात घ्या. परंतु केवळ विचारणे म्हणजे ऐकून घेणे नव्हे. पवित्र कुरआनच्या सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अलै.) गैरहजर हुदहुदवर रागावतात, पण स्पष्ट कारण सांगण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवतात. तो कारण सांगतो, तेव्हा त्याचे म्हणणे खरे की खोटे, हे पाहण्यासाठी त्याच्याच हाती पत्र देऊन पाठवितात. तेथे पत्र सत्य शोधण्याचे साधन झाले. बीदरमध्ये तेच अन्यायाचे निमित्त ठरले.

हजरत उमर (रजि.) यांनी तक्रारींवरून कूफ्याचे राज्यपाल हजरत साद (रजि.) यांना पदावरून दूर केले. तथापि माणसे पाठवून मशिदी-मशिदींतून चौकशीही करविली. अखेरच्या दिवसांत त्यांनी स्पष्ट केले की, सादना दूर केले ते अकार्यक्षमतेमुळे वा खियानतीमुळे नव्हे. पद गेले, परंतु अब्रू सुरक्षित राहिली.

भारतीय राज्यघटनेचे कलम ३११ हेच तत्त्व सांगते. काही अपवाद वगळता, आरोप कळविल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय नागरी सेवकाला बडतर्फ करता येत नाही. करारावर नेमलेल्या सल्लागाराला मात्र बहुधा करारपत्राचाच आधार असतो. जेथे कायदा थांबतो, तेथे मोमिनाची जबाबदारी संपत नाही. पद ही सोपविलेली अमानत आहे, ती परत घेता येते. माणसाची अब्रू मात्र कोणाही मालकाच्या मालकीची नसते.

हा प्रश्न केवळ मंत्रालयाचा नाही. आपल्या दुकानातील कारागीर, मदरशातील शिक्षक, मशिदीचे मुअज्जिन यांना दूर करण्याची वेळ आली, तर आधी तीन गोष्टी करा: आरोप तोंडावर सांगा, उत्तर ऐका, उत्तराची शहानिशा करा. दोष नसेल तर तसे चारचौघांत सांगा आणि हक्काचे वेतन चुकते करा. आपल्यालाही एके दिवशी त्या न्यायाधीशासमोर उभे राहायचे आहे, जो कोणावरही तिळमात्र अन्याय करीत नाही.